जिन्यापुरत्या अकरा ओळी

जिना चढताना सुनंदा खातूंचं यांत्रिक हृदय हमखास मागे पडायचं. त्याचा प्रोग्राम कुणीही वाचून सुधारणा सुचवावी असा सगळ्यांसाठी खुला होता. खातूबाई हाडाच्या प्रोग्रामर. त्यांनी तो अख्खाच नव्याने लिहून पाठवला.

त्या प्रोग्रामचा प्रकल्प सांभाळणाऱ्या घोन्साल्विसांचं उत्तर आलं, “ताई, काम झकास आहे. पण हा प्रोग्राम नऊ हजार जणांच्या छातीत धडधडतोय. एका वेळी एकच बदल पाठवा, तोही तपासून.”

बाई तणतणल्या. मग त्यांनी प्रकल्पाचे नियम वाचले, जिन्यापुरत्या अकरा ओळी स्वतःच्या हृदयात घातल्या, महिनाभर जिने चढल्या आणि नोंदींसकट तेवढ्याच पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी फोनवर घोन्साल्विसांचा आवाज आला, “ताई, तुमच्या ओळी आधी माझ्याच हृदयात घातल्या. चार मजले चढून आलोय. ऐका, धाप लागलीय का?”