ओट्याखालची पेटी

पेटीच्या तापमापकाचा काटा अठरा अंशांवर आला होता. सकाळी तो सहावर होता.

पुष्पांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाहेर ओसरीवर तिच्या सासऱ्यांना, भगवानरावांना, चादर पांघरून निजवलं होतं. पहाटेच ते गेले होते. तिचा नवरा राजकुमार सुरतेहून निघाला होता. तो पोचेपर्यंत मढं उचलायचं नव्हतं, आणि मढं असेतो घरात चूल पेटत नाही.

ओट्याखाली सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या त्या पेटीत तिच्या लेकीच्या, छकुलीच्या, इन्सुलिनच्या तीन बाटल्या होत्या. पेटी भगवानरावांनीच केली होती. डोणगावात जन्मभर फ्रिज दुरुस्त केले, पण विजेवर त्यांचा भरवसा नव्हता. सिलेंडरचा गॅस त्यांनी एका बारीक नळीतून सोडला होता. सुटताना तो गार व्हायचा, पेटीभोवती फिरून पेटी गार करायचा आणि मग वर शेगडीत जळायचा. शेगडी जळेल तेवढाच वेळ गारवा. म्हणून दर दोन तासांनी भगवानराव चहा मांडायला सांगत आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून ओसरीवर बसवत. म्हातारा आग लावून थंडी पाडते, असं लोक हसून म्हणत आणि कप रिकामा करत.

वावटळीत खांब पडून आज तिसरा दिवस होता. पार मेहकरपर्यंत ना वीज होती, ना बर्फ. मागच्या मे महिन्यात ही पेटी नव्हती. माठात ठेवलेलं औषध नासलं, ते कुणाला कळलं नाही. आठ वर्षांची छकुली बुलढाण्याच्या दवाखान्यात सहा दिवस डोळे मिटून पडली होती.

काटा चोविसावर गेला. पुष्पांजलीने माचिस उचलली. शेजारच्या गीताबाईंनी आत येऊन तिचं मनगट धरलं.

"मढं घरात अन् तू शेगडी पेटवशीन?"

"पोरीचं औषध नासून राह्यलं, काकू."

संध्याकाळी पेटव, गीताबाई म्हणाल्या, राजकुमार येतेच. पण संध्याकाळपर्यंत काटा चाळिशीला भिडला असता. पुष्पांजलीने ओसरीकडे पाहिलं. सासूबाई, गोजरबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुतक त्यांच्याइतकं कडक गावात कुणी पाळत नसे. पहाटेपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. त्यांना विचारायचं धाडस पुष्पांजलीला होईना. छकुली आजोबांच्या पायाशी बसून माशा वारत होती.

गोजरबाईंनी बराच वेळ नातीकडे पाहिलं. मग अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पुष्पा, ह्यायच्या चहाची येळ होऊन गेली. मांड."

ओसरीवर जमलेल्या बायकांची कुजबुज थांबली. गीताबाईंनी हळूच मनगट सोडलं. आत शेगडी पेटल्याचा आवाज आला.

भगवानरावांनी जन्मात कधी चहा तोंडाला लावला नव्हता, हे ओसरीवरच्या प्रत्येकीला माहीत होतं.