टेकू

"सोड! सोड म्हणतो ना!"

रंगाऱ्याने सळई पुन्हा हाणली. ती परक्या मजुराच्या बोटांवर बसली. कातडी फाटली, रक्त लाकडी टेकूवरून ओघळलं. तरी गड्याने टेकूला घातलेली मिठी काही सोडली नाही.

डोक्यावर स्लॅब टाकणं चाललं होतं. मिक्सर असा घरघरत होता की शिव्यासुद्धा ओरडून द्याव्या लागत होत्या. खाली टेकूंचं नुसतं रान, आणि त्यात हा एकटाच. त्याच्या साथीदारांना काल रंगाऱ्याच्या याच टोळक्याने झोडपून पळवून लावलं होतं.

"नवरीलासुद्धा कुणी एवढं घट्ट धरत नाही बघा!" मागून एकजण खिदळला.

"यांच्यापायी आपल्या चुली विझल्या," रंगारी किंचाळला. "आणि ठेकेदार म्हणतो, माणसं मिळत नाहीत! मिळत नाहीत, की नकोत?"

राग खोटा नव्हता. अर्ध्या मजुरीत रंग मारणारे आले आणि याचे ब्रश वाळून कडक झाले. बाप गेल्यावर ज्याने वाढवलं, त्या गवंडी दादाच्याच ताटात अजून हात घालायचा, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

मजूर आपल्या भाषेत कळवळून काहीतरी सांगत होता. हनुवटी सारखी वर करत होता.

"देवाला बोलावतोय वाटतं!"

रंगाऱ्याने लाथ घातली. ती टेकूच्या बुडाशी बसली आणि तिथली पाचर निसटली. मजुराने झटकन टेकूला खांदा लावला, गुडघे रोवले आणि तसाच मार खात राहिला. वरून सिमेंटचं पाणी त्याच्या जखमांवर ठिबकू लागलं. रंगारी इमारतीत शिरायचा तो सगळं उभं राहिल्यावर. ते उभं कसं राहतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने सळई मजुराच्या डोक्यावर उगारली. तेवढ्यात मिक्सर बंद पडला.

"अरे, खाली कोण आहे? फळ्या दबताहेत! टेकू धरा रे!"

दादाचा आवाज! तो तर आज दुसऱ्या साइटवर होता. मग रंगाऱ्याला उमगलं. काल पळवलेल्यांची उणीव भरायला ठेकेदाराने दादालाच इकडे ओढून आणलं होतं.

वर फळी कडाडली. टोळकं वाट फुटेल तिकडे पळालं. रंगाऱ्याच्या हातातून सळई गळाली. त्या रक्ताळलेल्या बोटांशेजारी त्याने आपले हात आवळले, खांद्याला खांदा भिडवला.

"सोडू नको," तो रडत म्हणाला. "माझ्या बाबा, सोडू नको!"