सात मेलेल्या गाड्या

"आपा, गाडीनंच सांगितलंय, इंजिन संपलं म्हणून," धैर्यशील म्हणाला. त्याच्या वडिलांच्या मागं राहिलेली ती लाल स्पोर्ट्स कार न्यायला भंगारवाल्यांचा ट्रक आपाच्या गॅरेजच्या दारातच उभा होता. गाडीनं स्वतःच्या मरणाची नोंद केली की चार तासांत ती चिरडायची, असा कायदाच होता.

आपाचं, म्हणजे रुक्साना मुजावरचं, डोकं सणकलं. अख्ख्या उद्यमनगरात गाडी उघडून बघणारी ती एकटीच उरली होती. "ती काय डॉक्टर लागून गेली? चालू कर."

इंजिन घुरघुरलं. आपानं रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला आणि चटक्यासरशी मागं घेतला. खालची नळी मात्र थंडगार.

"पाणीच फिरत न्हाई हिचं. पंप गेलाय."

"पंपाची मोटर व्यवस्थित फिरते आहे," गाडी शुद्ध मराठीत म्हणाली.

आपानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि गालात हसली. "मोटर फिरतीय गं बये. पंख्याचं काय?"

तिनं पंप उघडला. आतला प्लास्टिकचा पंखा सैल झाला होता. नुसती दांडीच गरगरत होती आणि गाडी तेवढंच मोजत बसली होती. आपानं पेटीतला जुना पितळी पंखा काढला, लेथवर त्याचं भोक मापात केलं आणि ठोकून बसवला.

गाडी पुन्हा चालू केली, तसा तापमानाचा काटा नव्वदवर येऊन थांबला, तो हललाच नाही.

"माझी नोंद चुकली," गाडी म्हणाली. "रद्द करते."

"कर. आणि तुझ्या बाकीच्या बहिणींना पण सांग."

ट्रक रिकामा गेला. दिवस मावळायच्या आत आपाच्या दारात सात मेलेल्या गाड्या आपल्या पायानं येऊन रांगेत उभ्या राहिल्या.