हनुवटीवरचा ठिपका

मैत्रेयीच्या आर्णीतल्या पार्लरमध्ये अल्ट्रासाउंडचं मशीन आल्यापासून बायका डाग घालवायला येत. चेहऱ्यावर सीरम लावायचं आणि वरून मशीनचा चपटा दांडा फिरवायचा; त्याच्या ऐकू न येणाऱ्या थरथरीनं सीरम कातडीत खोल मुरतं.

एका दुपारी तांड्यावरची रंजिता आली. तिच्या गालावर गोंदणाचा एक हिरवा ठिपका होता.

"गोंदण यानं निघत नाही," मैत्रेयी म्हणाली.

"मी कधी गोंदलंच नाही, ताई. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, गालावर होता असा. याडी गेली अन् मोठ्या बहिणीच्या गालावर हाच उगवला. मंग तो तिच्या हनुवटीवर आला. त्याच दिवशी बहीण गेली." रंजितानं खुर्चीत मान टेकवली आणि डोळे मिटले. "काढू नका. तुमचं मशीन आत ढकलते ना? तर हा आतच ढकलून द्या."

मैत्रेयीनं ठिपक्यावर सीरम लावलं आणि मशीन सुरू केलं. ती दांडा फिरवत राहिली. ठिपका फिकट होत गेला आणि शेवटी गाल कोरा झाला.

"गेला," ती म्हणाली.

"किती खोल गेला?"

तेवढ्यात जबड्यापाशी, कातडीच्या आतून, हिरवं काहीतरी खाली सरकताना मैत्रेयीला दिसलं. तिनं त्यावर दांडा दाबला. ते आणखी वेगानं सरकलं. तिनं घाईघाईनं मशीन बंद करून दांडा ट्रेमध्ये ठेवला.

"आता हनुवटीवर फिरवून राह्यल्या का, ताई?" रंजितानं मिटल्या डोळ्यांनी विचारलं. "थंड लागून राह्यलं."