दोन ठोकळे

“एकतीस,” बाबा म्हणाला.

“तेहेतीस! पार्टनर, तू मधला खड्डा मोजलाच नाहीस,” मुलगी म्हणाली.

दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसले होते. समोर स्क्रीनचे दोन भाग, एकात त्याची बाहुली, दुसऱ्यात तिची. टेकडीवर तळं. मधल्या टेकाडापलीकडे दोघांनी लांडगे, वादळं, उपासमार झेलून महिनाभरात उभं केलेलं लाकडी घर. आता तळ्याचं पाणी चर खणून घरामागच्या शेतात आणायचं होतं. पण तळं उंच की घराचं जोतं, हेच कळत नव्हतं, म्हणून दोघं वाटेतल्या चढउताराच्या पायऱ्या मोजत होते. तळं उंच निघालं तर शेताबरोबर घरही पाण्यात. उंचीचे आकडे दाखवायची सोय गेममध्ये होती, पण ती दोघांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. आकडे बघणं म्हणजे कॉपी करणं, असं त्यांचं ठरलं होतं.

आई दारात उभी होती. ती सर्व्हेअर. रविवार असूनही आत्ताच साइटवरून आली होती, आणि आल्याचं कोणाच्या गावीही नव्हतं. ‘पार्टनर’ हा शब्द ऐकला की तिच्या पोटात दुखायचं. सख्ख्या नवऱ्याचा हेवा वाटतो, याची लाज वाटायची ती वेगळीच.

“पायऱ्या मोजून पातळी निघते होय?” ती म्हणाली. “सरका.”

बाबा उठला. ती त्याच्या जागी बसली. मुलीने स्वतःचा कंट्रोलर तिच्या हातात दिला, तेव्हा तिला उगाच भरून आलं.

“तळ्याच्या पाण्यालगत ठोकळ्यांचा खांब रचायचा. दुसरा जोत्यालगत,” आई म्हणाली. खांब झाले. मग तिने बाहुली मधल्या टेकाडावर नेली, नजर दूर क्षितिजावरच्या समुद्राच्या रेषेवर आडवी धरली आणि वरखाली न करता आधी एका खांबाकडे वळवली, मग दुसऱ्याकडे. खालून नजरेच्या रेषेपर्यंतचे ठोकळे मनातल्या मनात मोजले. तळ्याकडे चार, घराकडे सहा.

“मानलं, सर्व्हेअरबाई!” बाबा म्हणाला.

“आई, तू भारी आहेस!” मुलीने तिच्या हातातून कंट्रोलर घेतला. “आता ऊठ ना, बाबाला बसू दे.”

आई उठली.

“मग? उंच कोण?” बाबाने विचारलं.

ठोकळे कमी भरले तिकडची जमीन उंच; म्हणजे तळं दोन ठोकळे वर होतं. घराभोवती आधी बांध घाला, एवढंच सांगायचं होतं.

“घर,” आई म्हणाली. “दोन ठोकळ्यांनी. सोडा खुशाल पाणी.”

दोघांनी भराभर चर खणला आणि बाबाने त्याच्या तोंडचा ठोकळा फोडला. पाणी शेतात आलं, शेत भरलं, आणि थांबेना. ओसरीवर चढलं, दारातून आत शिरलं. आई हाताची घडी घालून वाट बघत राहिली. आता रडारड होईल, दोघं एकमेकांवर खापर फोडतील, मग निमूटपणे आपल्याकडे येतील.

“पार्टनर, बुडालो! कोंबड्या उचल!”

“कोंबड्या राहू देत, माझी गादी चालली वाहत!”

“तुझ्या गादीवरच बसल्यात त्या!”

दोघं किंचाळत होते. हसता हसता बाबा सोफ्यावरून खाली घसरला, त्याच्यावर मुलगी कोसळली, तरी हातातले कंट्रोलर सुटले नाहीत. महिनाभराचं घर कौलापर्यंत बुडालं. छपरावर दोन बाहुल्या आणि तीन कोंबड्या दाटीवाटीने उभ्या होत्या.

“सर्व्हेअरबाई चुकल्या!” बाबा डोळे पुसत म्हणाला. “लिहून ठेवा कुठेतरी!”

मी चुकत नाही, हे वाक्य आईच्या अगदी ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

मुलीने फरशीवरूनच मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं. इतकी खूश ती आईला कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

“आई, थँक्यू! तू चुकलीस म्हणून एवढी मजा आली!”