हौसेचा मासा

खिरीची पळी पुढं आली आणि विश्वेश्वरगुरुजींनी पानावर आडवा हात धरला.

"हे काय, बहू?"

बकुळनं खाली पाहिलं. वाकताना डझनभर काचेच्या बांगड्या पुढं घसरल्या होत्या आणि मनगटाच्या वरचा मासा उघडा पडला होता. बोटाच्या पेराएवढा, काळा, शेपटी वळवलेला. सासूबाईंनी, म्हणजे कालिंदीबाईंनी, पहाटे तिच्या हातात त्या बांगड्या कोंबल्या होत्या त्या याचसाठी.

"टॅटू है, गुरुजी," ती म्हणाली. "लग्नाआधी काढलेला. अस्सी घाटावर."

"श्राद्धाच्या पानावर मासळी!" शेजारच्या पाटावरच्या ब्राह्मणाकडे बघून गुरुजी हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "दिनानाथ, मी इथं तुझ्या आईच्या जागी बसलोय. असल्या हातचं मी घेणार नाही. देवानं धड दिलेलं कातडं मशीननं नासवायचं आणि त्याच हातानं पितरांना वाढायचं?"

दिनानाथांचा चेहरा पार उतरला. ब्राह्मण न जेवता उठला म्हणजे आई वर्षभर उपाशी राहिली, असंच ते मानत. रेल्वेत पस्तीस वर्षं नोकरी करूनही त्यांचं हे भय गेलं नव्हतं.

"उठू नका, गुरुजी. पाया पडतो." सुनेकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बकुळ पहाटे चारपासून सोवळ्यात गॅसपाशी उभी होती. वडे तिनं तळले, खीर तिनं आटवली, आमसुलाची चटणी तिनंच वाटली. या घरातलं तिचं हे पहिलं श्राद्ध. आज नीट पार पडलं की घरातली म्हणून धरतील, अशी वेडी आशा तिला होती. आता तिला राग आला, चांगला पोटातून आला.

"वाढू नको तर नाही वाढत. पण गुरुजी, रांधलंय सगळं मीच."

"काहीतरी बोलू नकोस!" कालिंदीबाई स्वयंपाकघरातून ताडकन बाहेर आल्या. "गुरुजी, स्वयंपाक माझा आहे. ही नुसती वाढायला आली." त्यांनी तिच्या हातातलं खिरीचं पातेलं ओढून घेतलं. थोडी खीर फरशीवर सांडली.

बकुळनं सासूच्या हाताकडं बोट केलं. कोपराखाली हिरवट, विटकी तुळस होती, वृंदावनासकट.

"मग आई, हे काय आहे?"

गुरुजींचा हात अजून पानावर आडवा होता, पण आता तेही त्या तुळशीकडं बघत होते. वीस वर्षं ते याच हातचं जेवत आले होते.

कालिंदीबाई लालबुंद झाल्या.

"माझ्याशी बरोबरी करतेस? मी काय हौसेनं काढून घेतलंय?" भिंतीवरच्या, आपल्या सासूच्या हार घातलेल्या फोटोकडं त्यांनी मान वळवली. "यांनी गोंदणारी बोलावली. कोऱ्या हातचं पाणी नको म्हणाल्या. दोघींनी धरून बसवलं होतं मला. तोंडात पदर कोंबला होता."

"बघ," गुरुजी बकुळला म्हणाले, आणि कालिंदीबाईंच्या खिरीसाठी त्यांनी पानावरचा हात काढला.