बैठकीतला कॉम्प्युटर

एकट्या राहणाऱ्या वहिनीच्या कॉम्प्युटरमध्ये पाळत ठेवणारा प्रोग्राम शिरला होता. दिराने तो शोधून काढून टाकला आणि कॅमेऱ्याची वायरही उपटली.

"आता निर्धास्त राहा, वहिनी. पण त्यानं काय काय टिपलंय, ते एकदा बघून घ्या."

पहिल्या फोटोत ती टाइप करत होती. दुसऱ्यात स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिसऱ्यात पलंगावर गाढ झोपलेली.

"कॉम्प्युटर आत नेला होता का?"

"हे धूड? बैठकीतून कधी हललेलंच नाही." ती म्हणाली.

तेवढ्यात स्क्रीनवर नवा फोटो उमटला. त्यात दोघं कॉम्प्युटरपुढे वाकली होती. फोटो मागून घेतलेला होता, अगदी हाताच्या अंतरावरून.

दिराने हळूच तिचं मनगट धरलं.

"वहिनी, मागे बघू नका."